बोलता येईल इतकंच धावायचं: बडोद्याच्या एका वहिनींची केस

तक्रार अशी होती: "ताई, मला धावणं आवडत नाही. पण ते आवडावं असं फार वाटतं."

गुडघा दुखतो, कंबर धरली, सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही, असलं काही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे रोज माणसं येतात. एखादी गोष्ट आवडायला लागावी म्हणून माझ्याकडे आलेल्या या पहिल्याच. त्यामुळे या केसच्या नोंदी मी पहिल्या दिवसापासून नीट ठेवल्या. वहिनींनी लिहायला आनंदाने होकार दिला आहे. नाव मात्र देत नाही. दांडिया बाजार-रावपुरा भागातल्या मराठी घरांत नुसतं आडनाव सांगितलं तरी माणूस कोण ते कळतं.

वय ४४. बँकेत काउंटरवर नोकरी, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास खुर्ची. घरात यजमान, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, दहावीची मुलगी आणि सासूबाई. मोठं आजारपण कधी नाही, पण कुठला खेळही कधी खेळलेल्या नाहीत. वडिलांना साठीच्या आत हार्ट अटॅक आला होता, म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांकडून ईसीजी आणि रक्तदाब पाहून घेतला, शिवाय साखर आणि हिमोग्लोबिन. सगळं ठीक निघालं. हिमोग्लोबिनचा आग्रह मी धरतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. असं असताना धाप लागणाऱ्या बाईला "स्टॅमिना वाढवा" म्हणून परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

बोलता बोलता एक माहिती सहज निघाली आणि पुढे सगळी केस तिच्यावरच उलगडली. वहिनी नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरबा खेळतात. बडोद्याचा गरबा म्हणजे मोठ्या मैदानात वर्तुळात वर्तुळं, तीन ताळीची (तीन टाळ्यांची) चाल, आणि मधली विश्रांती सोडली तर दोन-अडीच तास पाय चालूच. दुसऱ्या दिवशी सकाळी या बाई वेळेवर काउंटरवर. हे जिला जमतं तिचं हृदय किंवा फुप्फुसं कमजोर म्हणता येणार नाहीत. तरी तीन मिनिटं धावलं की त्यांना बाकावर बसावं लागत होतं.

आधीचे दोन प्रयत्न

पहिला प्रयत्न मुलाबरोबर झाला. तो कॉलेजच्या टीमकडून धावतो. "आई, चल माझ्याबरोबर, काही अवघड नसतं," म्हणून पहाटे त्यांना कमाटीबागेत घेऊन गेला. त्याच्या मते तो अगदी सावकाश धावत होता. वहिनी त्याच्या मागे. पाच मिनिटांच्या आत उजव्या बरगडीखाली कळ आली, घसा कोरडा पडला, आणि मुलाने हौसेने त्यांच्या मनगटावर बांधलेल्या घड्याळात ठोके दिसत होते १७२. वयाच्या ७० टक्के २०८ मधून वजा केले की माणसाचे कमाल ठोके साधारण किती असतील त्याचा अंदाज येतो; वहिनींसाठी तो १७७ येतो. सूत्र दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे होतं, मनगटावरचं घड्याळही चुकतं. पण एवढं धरून चालायला हरकत नाही की आयुष्यात पहिल्यांदा धावायला निघालेली बाई पाचव्याच मिनिटाला आपल्या क्षमतेच्या टोकाशी पोचली होती. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "हे आपलं काम नाही."

दुसऱ्या वेळी त्यांनी मोबाइलवर 'काउच टू फाइव्ह के' घेतलं. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकी तरुणाने १९९६ मध्ये बेतलेला हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आहे. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावा, ९० सेकंद चाला, असं वीस मिनिटं. कार्यक्रम चांगला आहे आणि त्यातून लाखो लोक धावायला लागले आहेत. वहिनींनी दोन आठवडे निष्ठेने केला. तिसऱ्या आठवड्यात सलग तीन मिनिटं धावायची वेळ येते, तिथे अडल्या. तोच आठवडा पुन्हा केला, पुन्हा तिथेच अडल्या. मग अॅप काढून टाकलं.

मी विचारलं, "ते साठ सेकंद कसे धावायचात?"

"जीव तोडून. साठच सेकंद तर होते."

इथे गाठ सापडली. किती वेळ धावायचं ते अॅपने सांगितलं होतं, किती जोरात ते वहिनींनी स्वतः ठरवलं. शाळेतली शंभर मीटरची शर्यत आणि सुटत असलेली बस, एवढेच धावण्याचे अनुभव ज्याच्या गाठीला आहेत, तो "धावा" म्हटलं की जोरातच धावणार. साठ सेकंद कसंही निभावतं. तीन मिनिटं निभावत नाही.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. सावकाश धावताना स्नायूंना लागणारी ऊर्जा जवळजवळ सगळी ऑक्सिजनच्या मदतीने तयार होते. वेग वाढत गेला की एका टप्प्यापुढे रक्तात लॅक्टेट नावाचं द्रव्य साचायला लागतं, त्याबरोबर आम्लता वाढते, ती निस्तरताना जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला श्वास एकाएकी वाढतो. बोलणं तुटतं ते याच ठिकाणी. व्यायाम करताना माणसाला कसं वाटतं यावर अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात असताना पँटेलिमॉन एकेकाकिस यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या कामाचा गाभा असा की या टप्प्याच्या खाली बहुतेकांना व्यायाम बरा वाटतो, आणि टप्पा ओलांडला की जवळपास प्रत्येकालाच तो नकोसा होत जातो. यात इच्छाशक्तीचा संबंध नाही. शरीर "पुरे" म्हणत असतं आणि ते म्हणणं मनाला नावड म्हणून ऐकू येतं.

गरब्यात हे का होत नव्हतं? तिथे सुरुवात संथ लयीत होते, लय हळूहळू चढते, दम लागला की बाई वर्तुळातून बाहेर येते, पाणी पिते, दोन शब्द बोलते आणि पुन्हा आत शिरते. बाहेर आली म्हणून हरली असं कुणी म्हणत नाही. धावताना वहिनींनी ही मोकळीक स्वतःला दिलीच नव्हती.

कमाटीबागेत

उपचार म्हणून मी एकच गोष्ट बदलायची ठरवली: वेग. आठवड्याचे दिवस तीनच, वेळ अर्धा तासच. दिवाळी झाल्यावर एका सकाळी आम्ही कमाटीबागेत भेटलो. १८७९ सालची ही बाग आजही बडोद्यातल्या चालणाऱ्या-धावणाऱ्यांची हक्काची जागा आहे. मोठी झाडं, सावली, डांबरी वाटेच्या कडेला मिळेल तिथे माती. दहा मिनिटं चाललो. मग मी झपझप चालत राहिले आणि वहिनींना सांगितलं, माझ्या शेजारून धावा, पण माझ्या पुढे जायचं नाही.

"ताई, हे काय धावणं? तुम्ही तर चालताय."

"तुमची पावलं धावल्यासारखी पडतायत ना? मग झालं."

तेवढ्यात मागून टोपीवाले एक काका हात हलवत, चालत आले आणि आम्हाला ओलांडून गेले. वहिनींनी लगेच पाय उचलले. मी त्यांचं मनगट धरलं. "काकांना जाऊ द्या. सेवउसळीची तर्री कशी करता ते सांगा मला."

"आधी कांदा-खोबरं भाजून घ्यायचं, चांगलं काळपट होईपर्यंत. धणे, तीळ, लवंग वेगळं भाजायचं, त्यात नाही घालायचं." वाक्यं सरळ येत होती. पुढच्या वळणानंतर त्यांचा वेग नकळत वाढला. "मग ते... वाटताना... लसूण..." मी थांबवलं आणि दोघी चालायला लागलो. दीड-दोन मिनिटांत लसूण, मिरची आणि पाणी ओळीने जागेवर आलं, तशा पुन्हा धावायला लागलो. अर्ध्या तासात तर्री झाली, वाटाणे शिजले, वर शेवही पडली. वेग होता किलोमीटरला साडेनऊ मिनिटांच्या आसपास, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकाच. बरगडीखाली कळ आली नाही. आदल्या रात्री साडेआठला हलकं जेवून, सकाळी चहासुद्धा न घेता, नुसतं थोडं पाणी पिऊन आल्या होत्या. त्याचाही उपयोग झाला असणार, कारण पोट भरलेलं असलं की ही कळ लवकर येते.

त्या दिवशी ठरलेला नियम पुढे महिनोन्महिने तोच राहिला. वाक्य तुटलं की चालायचं, जुळलं की धावायचं. किती मिनिटांनी तुटेल याची चिंता करायची नाही. शेजारी कुणी नसेल तर मनातल्या मनात नाही, मोठ्याने बोलून पाहायचं. त्या बँकेतल्या दिवसभराच्या कामांची यादी पुटपुटत असत.

आपल्याला चालणारे लोक ओलांडून जातात, ही लाज मात्र नियमाने जात नाही. त्यासाठी मी त्यांना बिल बॉवरमन यांची गोष्ट सांगितली. न्यूझीलंडचे आर्थर लिडियर्ड हे धावपटू घडवणारे थोर प्रशिक्षक. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदकं जिंकली. तेच लिडियर्ड ऑकलंडमध्ये सुटलेल्या पोटाच्या, मध्यमवयीन, हृदयविकारातून उठलेल्या साध्या लोकांना सावकाश धावायला लावत. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक बॉवरमन त्यांच्याकडे गेले, या लोकांबरोबर धावायला निघाले आणि पार मागे पडले. त्यांच्या सोबतीला मुद्दाम मागे राहिला तो सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ. तो गप्पा मारत होता, आणि बॉवरमनना उत्तर द्यायलाही श्वास नव्हता. परतल्यावर १९६३ मध्ये त्यांनी यूजीन शहरात सामान्य माणसांसाठी सावकाश धावण्याचे वर्ग सुरू केले आणि तिथून ही लाट अमेरिकाभर पसरली. वहिनींनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "म्हणजे ते आजोबा पूर्ण वेळ बोलत होते?" त्यांना मुद्दा पोचला होता.

कालनिर्णयावरचे आकडे

किलोमीटर आणि वेळ लिहायची मी मनाई केली होती. त्याऐवजी, व्यायाम चालू असताना कसं वाटतंय ते मोजायची उणे पाचपासून अधिक पाचपर्यंतची एक साधी पट्टी आहे. हार्डी आणि रेजेस्की या संशोधकांनी ती १९८९ मध्ये मांडली. अगदी नकोसं म्हणजे उणे पाच, फार छान म्हणजे अधिक पाच, मध्ये शून्य. वहिनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या त्या दिवसाच्या चौकटीत, दुधाच्या खाड्यांच्या आणि सिलिंडरच्या नोंदीशेजारी, दोन आकडे लिहायच्या: एक मध्यावरचा, एक शेवटचा. आठवड्याचा कागद आला की मी त्यावर बोट ठेवून एवढंच विचारायची, इथे काय झालं होतं?

सुरुवातीला आकडे शून्य आणि अधिक एक यांच्यातच होते. मधूनच उणे दोन. तो दिवस शोधला तर बँकेत महिनाअखेर, रात्री बाराला झोप. दुसऱ्या एका उणे दोनच्या दिवशी वाटेत कॉलेजची पोरं धावत होती आणि वहिनी त्यांच्या मागे लागल्या होत्या. डिसेंबरच्या मध्यावर दोन आणि तीन दिसायला लागले, आणि मग धावण्याचे तुकडे आठ-दहा मिनिटांचे झाले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी बरं वाटायला लागलं, तुकडे त्यानंतर लांबले. आपण नेहमी उलट सांगतो, की आधी क्षमता येऊ द्या, मग मजा येईल. मजा यायच्या आधीच बहुतेक जण सोडून देतात.

शेवटची पाच मिनिटं चालायचंच, हा दुसरा नियम. "संपताना एक जोर मारावा" असा मोह सगळ्यांना होतो. पण एकेकाकिस आणि सहकाऱ्यांच्याच २०१६ च्या एका प्रयोगात व्यायामाचा जोर उतरता ठेवला तेव्हा लोकांना तो नंतर अधिक सुखाचा आठवला. चढता ठेवला तेव्हा कमी. पुढच्या मंगळवारी पहाटे उठायचं की नाही हे मन शनिवारच्या आठवणीवर ठरवतं, तेव्हा ती आठवण जपायला हवी.

धावल्यावर येणाऱ्या तरतरीबद्दल वहिनींनी बरंच वाचलं होतं आणि ती आपल्याला का येत नाही म्हणून खट्टू होत्या. तिचं श्रेय फार काळ एंडॉर्फिन या शरीरातल्या रसायनाला दिलं गेलं. जर्मनीत हॅम्बुर्गच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एंडॉर्फिनचा परिणाम औषधाने रोखून लोकांना धावायला लावलं, तरी ती आनंदाची भावना आलीच. त्यामुळे शरीरात तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड या रसायनांकडे आता जास्त लक्ष आहे. नवख्या माणसाने मात्र तिची वाट पाहू नये. वहिनींना ज्याची गोडी लागली ते फार साधं होतं. त्यांच्याच शब्दांत: "त्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारत नाही."

हे ऐकल्यावर मी त्यांच्या घराबद्दल विचारलं, आणि मला वाटतं तिथपासून खरी केस सुरू झाली. सकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात त्या घरात दूध तापवायचं, पाणी भरायचं, सासूबाईंचा चहा आणि गोळी, तीन डबे. धावण्याच्या कुठल्याही तक्त्यात ही कामं धरलेली नसतात. पहिल्या पंधरवड्यात वहिनी हे सगळं उरकायला साडेचारला उठत होत्या. झोप पावणेसहा तासांची. अशाने शरीर सुधारत नाही, झिजतं. मी यजमानांना बोलावून घेतलं. दादा समजूतदार आहेत, फक्त त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. मंगळ, गुरु, शनि दूध-पाणी-चहा त्यांच्याकडे गेलं; भाजी रात्री चिरून ठेवायची जबाबदारी मुलाने घेतली. सासूबाईंना अजूनही पटलेलं नाही. "चालायला जा की, धावायचं कशाला या वयात," असं त्या आजही म्हणतात. पण वहिनींची झोप तासाभराने वाढली आणि कालनिर्णयावरचे उणे आकडे जवळजवळ संपले. माझ्या मते या केसमध्ये वेगाखालोखाल सर्वांत मोठा उपाय हा होता.

कपड्यांबद्दलही मोकळेपणाने बोललं पाहिजे, कारण मराठीत धावण्यावर लिहिताना हे कुणी लिहीत नाही. नेहमीच्या अंतर्वस्त्रात धावताना बाईला दुखतं, आणि लोक बघतात ही जाणीव त्याहून जास्त सलते. नीट मापाची, घट्ट पट्ट्यांची स्पोर्ट्स ब्रा घेतल्यावर वहिनींचे खांदे खाली आले, हात मोकळे हलायला लागले. बूट बदलले तेही घालून, दुकानात चालून-धावून, ज्यात पायाला सर्वांत बरं वाटलं ते. महाग तेच चांगले असं नसतं.

गोडी लागल्यावर

उत्तरायणाच्या सुमारास वहिनी सलग पंचवीस मिनिटं धावायला लागल्या आणि मला काळजी वाटायला लागली. थंडी छान होती, अंग हलकं वाटत होतं, आकडे चारवर. तीन दिवसांचे पाच दिवस कधी झाले ते त्यांनी मला सांगितलंच नाही. त्यात एका रविवारी मुलाच्या मित्रमंडळींबरोबर सिमेंटच्या रस्त्यावर पाच किलोमीटर. जानेवारी संपताना त्या लंगडत आल्या.

उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात दुखत होतं. मी अंगठ्याने बोटा-बोटाच्या अंतरावर दाबत वर गेले. दुखरा भाग वीतभर पसरलेला होता. एकाच बिंदूवर दाबल्यावर किंचाळावंसं वाटणं, रात्री झोपेत ठणकणं, त्या पायावर एक उडीही मारता न येणं, यातलं काही नव्हतं. ते असतं तर हाडाला बारीक चीर असण्याची शंका धरून मी लगेच ऑर्थोपेडिककडे पाठवलं असतं. हा हाडाच्या कडेवर पडलेला ताण होता, नव्या धावणाऱ्यांमध्ये नेहमी दिसणारा.

"पण मला तर दम लागत नव्हता, ताई. वाक्य तुटत नव्हतं."

अगदी खरं होतं. बोलण्याची कसोटी हृदय-फुप्फुसांची आहे, हाडांची नाही. धावायला लागल्यावर रक्तातला द्रवभाग पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढतो, ठोके उतरतात, स्नायूंच्या पेशी काही आठवड्यांत अधिक ऑक्सिजन वापरायला शिकतात. हाड मात्र ताण पडलेल्या जागी आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. एका जागेचं हे काम पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात आणि मधल्या काळात ती जागा थोडी कच्चीच असते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या स्नायूबंधांचंही तसंच, सावकाश. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट जोर पायावर येतो आणि अर्ध्या तासात अशी साडेचार-पाच हजार पावलं पडतात. म्हणून धावणं आवडायला लागतं नेमक्या त्याच दिवसांत पाय सर्वांत जास्त दुखावतात. मन आणि दम पुढे गेलेले असतात, हाडं मागून येत असतात.

दहा दिवस धावणं बंद. चालणं आणि मुलीची सायकल चालू. नंतर पुन्हा एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, मातीवर, आठवड्यात तीनच दिवस. जिन्याच्या पायरीवर पावलांचा पुढचा भाग टेकवून टाचा सावकाश वर-खाली करायच्या, आधी गुडघे सरळ ठेवून, मग थोडे वाकवून. हा पोटऱ्यांचा व्यायाम एकाआड एक दिवस. पावलं थोडी आखूड आणि जलद टाकायला सांगितली, त्याने पायावरचा जोर कमी होतो.

आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि वहिनींनीही तो विचारला. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला नव्या धावणाऱ्यांवर तो तपासला गेला. २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षात दहा टक्क्यांनी वाढवणाऱ्या गटात आणि त्याहून भरभर वाढवणाऱ्या गटात दुखापतींचं प्रमाण जवळजवळ सारखंच होतं, दोन्हीकडे साधारण पाचांत एक. म्हणून मी टक्केवारी सांगत नाही. मी सांगते की एका वेळी एकच गोष्ट वाढवा, दिवस किंवा मिनिटं किंवा वेग, आणि नवी पातळी तीन आठवडे तशीच ठेवा. वहिनींनी त्या पंधरवड्यात दिवस, अंतर, वेग आणि कठीण रस्ता, चारही एकदम वाढवले होते.

मार्च सरता सरता त्या पुन्हा सलग पंचवीस मिनिटांवर आल्या.

उन्हाळा आणि पावसाळा

एप्रिल-मेमध्ये बडोद्यात पारा चाळीसच्या पुढे असतो आणि पहाटेही हवा निवत नाही. उन्हात रक्त त्वचेकडे वळवावं लागतं म्हणून त्याच वेगाला ठोके वाढतात. वहिनींनी हळूच घड्याळ लावायला सुरुवात केली होती आणि आपण मंदावलो म्हणून त्या हिरमुसल्या. घड्याळ पुन्हा मुलाकडे गेलं, वाक्याचा नियम परत आला. घरून निघताना पाणी, आल्यावर लिंबू-मीठ-साखर. पावसाळ्यात बागेच्या वाटा शेवाळलेल्या असतात आणि विश्वामित्री नदी फुगली की बागेच्या सखल भागाचा नाद सोडावा लागतो. दोन-तीन आठवडे असेच गेले, तेव्हा त्यांनी सोसायटीच्या आवारात चालून आणि जिना चढून भागवलं. एवढ्या खंडाने फार काही जात नाही. परतल्यावर पहिल्या आठवड्यात पाच-सात मिनिटं कमी धावल्या, इतकंच.

आजची स्थिती

वहिनी आता आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं सलग धावतात. पाच किलोमीटरला ४३ मिनिटं, आणि त्या वेगात सबंध वेळ बोलू शकतात. सकाळी उठल्यावरचे ठोके ८० च्या आसपास होते, आता ७० च्या खाली. वजन जेमतेम दोन किलो उतरलं. वजनासाठी धावल्या असत्या तर केव्हाच सोडून दिलं असतं, हे त्यांचंच म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

एका केसवरून सगळ्यांसाठी वेळापत्रक काढू नये. वर्षानुवर्षांच्या गरब्याने वहिनींचे पाय आणि दम आधीच काही प्रमाणात तयार होते. ज्याने आयुष्यात काहीच केलेलं नाही, ज्याचं वजन बरंच आहे, ज्याला मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्याने दोन-तीन महिने नुसतं चालावं आणि मग या नियमाने एकेक मिनिट धावावं. तुकडे लांबायला वहिनींना डिसेंबर पुरला, दुसऱ्याला होळी उजाडेल. त्याने काही बिघडत नाही.

त्यांना आता शहरातल्या मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटरसाठी नाव द्यायचं आहे. माझं मत असं की आधी चौथा दिवस वाढवावा, वीस मिनिटांचा, अगदी सावकाश. आणि अंतराला दसऱ्यानंतर हात घालावा. नवरात्रातल्या नऊ रात्री नडगीवर जो ताण पडतो तो धावण्यातच धरायचा, म्हणून त्या नऊ दिवसांत धावणं पूर्ण बंद. हे त्यांनी मान्य केलं आहे. पोटऱ्यांचा व्यायाम मात्र त्या विसरतात, तो दादांनी रात्री टीव्हीसमोर आठवण करून करवून घ्यायचा असं ठरलं. दसरा झाला की त्या येतील, मी नडगी दाबून पाहीन, आणि दहा किलोमीटरचा फॉर्म भरायचा की नाही ते तेव्हा ठरवू.